नानांनी मोजलेला पाऊस

आपल्या अंकात येणारे असे अनुभव मी आतापर्यंत वाचून हसण्यावारी नेत आलो. खोलीवरची मुलं ते मोठ्याने वाचायची आणि मी प्रत्येकात चूक काढायचो. "अंधार होता, मग दिसलं कसं?" वगैरे. विज्ञान शिकतो आहे, एवढीच तेव्हा माझी मिजास होती. म्हणून हे लिहिताना थोडी लाजही वाटते. शिवाय मला लिहिण्याची सवय नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

मी धरणगावजवळच्या एका खेड्यातला. घरी कोरडवाहू कापूस आणि ज्वारी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. जळगावला भूगोल घेऊन एम.एस्सी. करतो आहे. मागच्या वर्षी प्रबंधासाठी विषय घेतला — सातपुड्याच्या पायथ्याचा पाऊस. सरकारी पर्जन्यमापक तालुक्याच्या गावी असतो. पण डोंगराला लागून किती पडतो, याची नोंद कुठेच नाही. सर म्हणाले, "तू खेड्यातला आहेस, तिथल्या लोकांत मिसळशील. कर." कॉलेजच्या स्टोअरमधून एक जुना पर्जन्यमापक, त्याची बाटली आणि काचेचं मोजपात्र मिळालं. मोजपात्र म्हणजे रेघा पाडलेला उंच ग्लास.

चोपड्याहून उत्तरेला जाणारी एस.टी. जिथे थांबते, तिथून पुढे पाच किलोमीटर पायी. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला नाला. पन्नासेक घरांचं गाव. नाव मुद्दाम देत नाही. तिथे रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजणारा माणूस मला हवा होता. गावात सगळे हसले. एक म्हातारे तेवढे म्हणाले, "मी मोजस." त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. सत्तरी उलटलेली, बारीक अंग, अंगात कोपरी. मुलगा सुरतेला कामाला, मुलगी सासरी, घरात नाना आणि त्यांची बायको अक्का दोघंच.

नाना आधी माझी फिरकी घेत बसले. "पानी काय दूध शे का रे भाऊ, मोजीसन घेवाले?" आणि मग, "त्या डब्बामा बेडूक पडना तं? त्याले बी मोजू का?"

अक्का चुलीपासून म्हणाल्या, "भाजीमा मीठ किती शे ते कयत नही, नि आभायनं पानी मोजाले निंघनात!"

खरं तर मी घरी हीच बोली बोलतो. पण वही हातात आली की मी पुस्तकी मराठीत बोलायचो. का, ते सांगता येत नाही... बहुतेक मोठं दिसावं म्हणून. नाना मला 'मास्तर' म्हणू लागले आणि मी त्यांना एकदाही अडवलं नाही.

आता जागेचं सांगतो, कारण पहिली चूक तिथे झाली. नाना म्हणाले, "आंगनमा बसाड ना. म्हातारपने माले नाला कसाले वलांडाले लावस?" पण त्यांच्या अंगणात मोठा निंब, शेजारी मोहाची झाडं. पुस्तकात नियम आहे — झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवा. मी टेप काढून मोजलं. नियमात बसणारी एकच जागा सापडली — नाल्यापलीकडे नानांच्या शेतातलं मुरमाड टेकाड. नाला तेव्हा कोरडा होता. दगडावर पाय ठेवत दहा पावलांत पलीकडे. मी तिथेच बसवला.

दुसरी चूक याहून मोठी. नानांना लिहिता येत नव्हतं, म्हणून आम्ही भिंतीवर नोंद ठेवायचं ठरवलं. आतल्या खोलीत, जात्याच्या वर, मातीची कोरडी भिंत होती. त्या खोलीला खिडकी नाही. ग्लास पूर्ण भरला की गेरूची एक लांब रेघ. उरलेलं पाणी ग्लासात जितक्या बारीक खुणांपर्यंत येईल, तितक्या आखूड रेघा. पाऊस नसेल त्या दिवशी चुन्याचा ठिपका. सोमवारी बाजार, म्हणून सोमवारनंतर चार बोटं जागा सोडायची. घड्याळाऐवजी गावची गुरं चरायला निघतात ती वेळ धरली. नाना म्हणाले, "गाई तुन्ही यष्टीपेक्षा टाइमवर निंघतस." दर पंधरा दिवसांनी रविवारी मी येणार आणि भिंतीवरून वहीत उतरवून घेणार.

आणि निघताना मी म्हणालो, "नाना, एक लक्षात ठेवा. एक दिवस जरी चुकला ना, तर सगळं वाया जाईल."

हे खरं नव्हतं. एखादं रीडिंग हुकलं तर त्या रकान्यात डॅश टाकतात आणि पुढे जातात. पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट आहे ही. मला माहीत होती. पण मला प्रबंधात एकही रिकामा रकाना नको होता. आणि असं ठासून बोललं की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं... नाना गंभीर झाले. म्हणाले, "नही चुकाव."

जुलैत मी दोनदा गेलो. भिंत बघून थक्क झालो. ओळीने रेघा, जशी काही वही आखली आहे. नाल्याला तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं. नाना धोतर खोचून पलीकडे जायचे, ग्लास कोपरीच्या खिशात. मी एकदा सोबत गेलो तर बाटली रिकामी करण्याआधी म्हणाले, "तू आज पाव्हना शे, तू मोज." मी मोजलं. त्यांनी परत मोजलं आणि माझ्यापेक्षा एक खूण कमी सांगितली. त्यांचं बरोबर होतं.

तिसरी फेरी श्रावणात होती. नेमका त्या रविवारी आमच्याकडे कानबाईचा रोट, म्हणजे कुळाच्या देवीचा सण. खानदेशात ज्यांच्याकडे रोट असतो त्यांना सांगायला नको. भाऊबंदकीतला माणूस मुंबईत असो की सुरतेत, त्या दिवशी घरी येतोच. मी नानांना कळवलं नाही. पत्र टाकायला सवड होती, पण म्हटलं, एवढं काय, पुढच्या वेळी जाऊ. पुढच्या वेळी पाऊस फार होता. मग चोपड्यापुढची गाडी बंद असल्याचं कळलं. मग ती चालू झाल्याचंही कळलं... तरी गेलो नाही. ताप होता, परीक्षा होती, असं सरांना सांगितलं. ताप दोन दिवस होता. खरं कारण असं की एक फेरी चुकवल्यावर नानांना तोंड दाखवायला लाज वाटू लागली, आणि लाज जितकी वाढली तितका मी लांब राहिलो.

शेवटी दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी गेलो. सकाळी अकराचा सुमार, लख्ख ऊन. नानांचं दार उघडं होतं, घरात कोणी नव्हतं. हाक मारली, वाट पाहिली आणि जोडे काढून आत गेलो. दारातून ऊन थेट जात्यापर्यंत आलं होतं.

भिंत भरली होती. जुलैनंतरचा पूर्ण ऑगस्ट, पूर्ण सप्टेंबर, दसरा आणि पुढे त्या सकाळपर्यंत. एक दिवस रिकामा नाही. दर सोमवारनंतर चार बोटं जागा. मला इतका आनंद झाला, ते आठवलं की आता स्वतःचीच चीड येते. मी तिथेच मांडी घातली आणि तासभर उतरवून घेतलं. मनात म्हणत होतो, सर खूश होतील, इतकी अखंड नोंद कोणाची नसेल.

शेवटचा ठिपका उतरवत होतो तेव्हा दारात सावली पडली. अक्का. डोक्यावर काड्यांची मोळी. त्यांना मोतीबिंदू आहे, दोन हातांवरचं माणूस ओळखू येत नाही.

"कोन शे रे घरमा?"

"मी, अक्का. पाऊस मोजणारा."

त्यांनी मोळी हळू खाली ठेवली. "उशीर करा भाऊ तू," म्हणाल्या.

मी विचारलं, "नाना शेतात गेलेत का?" विचारतानाच त्यांच्या कपाळाकडे लक्ष गेलं. कुंकू नव्हतं.

अक्का भिंतीला टेकून बसल्या आणि सांगू लागल्या. रडल्या नाहीत. "कानबाईना ऐतवार गया, नि मंगयवारले त्या गयात. ऐतवारले दिनभर आंगनमा बठनात. मास्तर यी, मास्तर यी. मंगयवारले सकायथीन पानी. मी म्हनं, आज नका जाऊ. त्या म्हनेत, मास्तर सांगी जायेल शे — एक दिन चुकना का बठ्ठं वाया. जावाना टाइमले नाला पोटरीइतलाच व्हता. नालाना मझार गयात नि वरथीन लोंढा वना. संध्याकायले खाले बाभूयले अटकेल सापडनात."

मी वही मिटली.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "खरंच का रे? एक दिन चुकता तं बठ्ठं वाया जातं का?"

मी म्हणालो, "हो अक्का."

का म्हणालो? नाही म्हटलं असतं तर त्यांचा माणूस कशासाठीच गेला नाही, असं झालं असतं. त्या वेळी मला हे कारण खरं वाटलं. पण याच्या खाली दुसरं कारण होतं, की मला स्वतःला वाचवायचं होतं. अक्कांनी मान हलवली. उठून पेटी उघडली, लुगड्यात गुंडाळलेलं काही काढलं आणि माझ्या हातात दिलं. मोजपात्र. "कोपरीना खिसामा व्हतं. फुटनं नही. दुसरानी वस्तू, म्हनीसन सुरतले संगे लई गयथू."

"सुरतेला?"

तेव्हा कळलं. तेरावं झाल्यावर मुलगा त्यांना सुरतेला घेऊन गेला. घराला कुलूप. शेतात ज्वारी उभी म्हणून आदल्याच दिवशी संध्याकाळी आणून सोडलं आणि पहाटे परत गेला. एवढे दिवस घरात कोणी नव्हतं. ग्लास सुरतेला पेटीत होता.

मी वही पाहिली. मग भिंत पाहिली.

कानबाईचा रविवार माझ्या लक्षात पक्का होता. तिथपासून सोमवार मोजला, चार बोटं जागा, आणि पुढचा मंगळवार. ज्या सकाळी नाना नाल्यात गेले आणि मापकापर्यंत पोचलेच नाहीत, ती सकाळ. तिथे चार लांब रेघा होत्या, तीन आखूड. पुढे बुधवार, गुरुवार... सगळे दिवस जिथल्या तिथे. तोच हात. नानांची लांब रेघ खाली येताना किंचित डावीकडे झुकायची, तशीच प्रत्येक रेघ झुकलेली. जात्याजवळ करवंटीत गेरू होता. तो वाळून तडकला होता आणि त्यावर कोळ्याचं जाळं होतं.

अक्कांना काहीही न सांगता मी नाला ओलांडून टेकाडावर गेलो. पर्जन्यमापक जागेवर होता. वरचं नरसाळं काढलं. बाटली तोंडोतोंड भरून बाहेरच्या डब्यातही पाणी साचलेलं, वर कुजलेली पानं, खाली शेवाळ. कितीतरी आठवड्यांत ती कोणी रिकामी केलेली नव्हती. म्हणजे मोजायला कोणी आलंच नव्हतं. मी तिथे उन्हात बसून राहिलो.

मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, म्हणून पडताळा घ्यायचा ठरवला. नानांनी रेघा आधीच ओढून ठेवल्या असतील? मनाने काहीबाही? दुसऱ्या दिवशी चोपड्याला जाऊन तालुक्याचं पावसाचं रजिस्टर उतरवून आणलं आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडलं. तालुक्याला ज्या दिवशी जोर, त्या दिवशी भिंतीवर जोर. तिथे उघडीप, तिथे ठिपका. भिंतीवरचा आकडा नेहमी थोडा जास्त, आणि डोंगराजवळ तो असायलाच हवा. माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष हाच तर होता. सगळं जुळत होतं. आकडे इतके चांगले जुळताना बघून मी इतका कधीच घाबरलो नव्हतो.

सरांना मी एवढंच सांगितलं की निरीक्षक श्रावणात वारले. सर हळहळले. म्हणाले, "अरेरे... मग त्या तारखेपासून डॅश टाक. मिसिंग डेटा हा काही गुन्हा नसतो रे."

हे वाक्य ऐकून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. एवढंच मी जूनमध्ये नानांना सांगायला हवं होतं.

त्या आकड्यांचं काय करायचं, यात दोन महिने गेले. घ्यावेत तर निरीक्षक म्हणून कोणाचं नाव लिहू? टाकून द्यावेत तर ज्याने काही वाया जाऊ नये म्हणून जीव दिला, त्याचंच काम मी माझ्या हाताने वाया घालवतो आहे. शेवटी डॅश टाकले. मंगळवारपासून दसऱ्यापर्यंत एकेक डॅश टाकत गेलो आणि त्या पानाला दोन दिवस लागले. वहीतली मूळ पानं मात्र फाडली नाहीत.

होळीच्या सुमारास अक्कांकडे गेलो. खरं सांगायचंच, असं ठरवून. त्या उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. या वेळी मी घरच्या बोलीत बोललो. म्हणालो, "अक्का, मी तुले खोटं सांगं. एक दिन चुकता तरी काहीच वाया जातं नही. कोरा सोडी देवाना ऱ्हास."

त्यांचा हात थांबला. "तुले तवय बी माहीत व्हतं?"

"हा."

शिव्या देतील असं वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटत होतं. मग परत शेंग फोडत म्हणाल्या, "मंग माले काय सांगस? त्यास्ले सांग."

आणि मानेनेच आत दाखवलं.

मी आत गेलो. दुपारचे बारा असतील. दसऱ्यानंतरच्या फेरीत जो शेवटचा ठिपका मी उतरवला होता, त्याच्यापुढे ठिपके होते. रोज एक, चुन्याचे, पांढरे. सोमवारनंतर चार बोटं जागा. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष... ओळी जात्याच्या खाली जमिनीपर्यंत आल्या होत्या. पौषात एक दिवस अवकाळी शिडकावा झाला होता. जळगावला आमच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे भिजले होते, म्हणून तो दिवस लक्षात होता. त्या जागी दोन आखूड रेघा होत्या. शेवटचा ठिपका त्याच दिवसाचा, मी आलो त्या सकाळचा. बोट लावलं तर चुना बोटाला लागला.

अक्कांनी ओढल्या असतील? पौषात त्या मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्या सासरी होत्या. आणि त्यांना ती भिंत दिसतच नाही. त्यांना या रेघांबद्दल काही माहीत आहे की नाही, हेही मला कळलेलं नाही.

मी भिंतीसमोर उभा राहिलो. वर्गात उभं राहून चुकीचं उत्तर देतो तशा आवाजात म्हणालो, "नाना, एखादा दिन चुकना तरी चालस. मी खोटं सांगेल व्हतं. आते नका मोजू."

काहीच झालं नाही. बाहेर शेंगा फुटण्याचा आवाज येत होता.

"सांगं का?" अक्कांनी बाहेरून विचारलं.

"सांगं."

"काय म्हनेत?"

"काहीच नही."

"त्या कोनं ऐकतस का कधी?" अक्का म्हणाल्या, आणि मूठभर शेंगदाणे माझ्यापुढे धरले. मी खाल्ले. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

हे होऊन अडीच महिने झाले. या सगळ्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. कोणाला कळत असेल तर जरूर कळवावं, फक्त माझी समजूत काढण्यासाठी काही लिहू नये. सुरतेच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे. गावी गेलात की होळीनंतर भिंतीवर नवीन ठिपके आहेत का, एवढं एकदा बघून कळवा, असं कार्ड मी लिहून ठेवलं आहे. ते अजून टाकलेलं नाही. ठिपके त्या दिवशी थांबले असतील, तर नाना माझ्या त्या एका वाक्यासाठी अडकून होते आणि मी त्यांना श्रावणापासून होळीपर्यंत ताटकळत ठेवलं. थांबले नसतील, तर मृग नक्षत्र लागायला आता दहा-बारा दिवसच उरलेत, आणि नाल्याला पाणी येईल.